तारापूरचे इंधन

मराठ्यांच्या इतिहासात तारापूरचे नाव येते ते चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या संदर्भात, कारण १७३९ च्या आरंभी पोर्तुगिजांच्या ताब्यातील येथील किल्ला मराठ्यांनी लढून घेतला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी हे नाव जागतिक राजकारणाच्या कागदपत्रांत आले आणि पुढची तीस वर्षे वॉशिंग्टन, व्हिएन्ना, पॅरिस आणि दिल्ली येथील दप्तरांत ते सतत फिरत राहिले; या वेळचे निमित्त होते किनाऱ्यावर उभारलेल्या दोन अणुभट्ट्या आणि त्यांत घालायचे युरेनियम. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात झालेला तारापूर करार हा अणुविज्ञानाच्या शांततामय वापरासाठी दोन देशांनी कसे एकत्र यावे याचा नमुना मानला गेला होता, आणि पंधरा वर्षे उलटायच्या आत तोच करार अशा सहकार्याच्या भांडणाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण झाला. या स्थित्यंतराचे कारण मात्र तारापुरात शोधून सापडत नाही, ते सापडते तेथून सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेला, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील तुर्भे येथे. कराराचा भंग झाला की नाही हा वाद ज्या भट्टीवरून पेटला ती एक होती आणि शिक्षा भोगली ती दुसरीनेच. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी १९५० च्या दशकातील सहकार्याची घडण पाहावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात अणुविज्ञानात सहकार्य नव्हते, होती ती गुप्तता. १९४६ च्या मॅकमॅहन कायद्याने अमेरिकेने अणुविषयक माहितीवर इतका कडेकोट पहारा बसवला की बॉम्बच्या निर्मितीत बरोबरीने राबलेल्या ब्रिटनलाही ती मिळेनाशी झाली. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने आणि १९५२ मध्ये ब्रिटनने स्वतःचे स्फोट घडवल्यावर या पहाऱ्याचा फारसा उपयोग उरला नाही, आणि ८ डिसेंबर १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे ‘शांततेसाठी अणू’ ही योजना मांडली. अण्वस्त्रधारी देशांनी आपल्या साठ्यातील काही विखंडनक्षम द्रव्य, म्हणजे ज्याच्या अणुकेंद्राचे विभाजन होऊन ऊर्जा मिळते असे युरेनियम किंवा प्लुटोनियम, एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवावे आणि त्या संस्थेने ते वीज, शेती व वैद्यक यांसाठी इतर देशांना द्यावे, असा तिचा गाभा होता. या योजनेत उदारता होती तसा हिशेबही होता: जे तंत्रज्ञान आज ना उद्या पसरणारच होते, ते आपल्या हातून आणि आपल्या अटींवर पसरावे हा तो हिशेब. भारतासारख्या देशांनी तो ओळखला नव्हता असे समजण्याचे कारण नाही.

योजनेचे पहिले दृश्य फळ म्हणजे ८ ते २० ऑगस्ट १९५५ या काळात जिनिव्हा येथे भरलेली अणुऊर्जेच्या शांततामय वापराची आंतरराष्ट्रीय परिषद. सत्तरहून अधिक देशांचे चौदाशेच्या वर प्रतिनिधी तेथे जमले, हजारावर निबंध सादर झाले, आणि आदल्या वर्षापर्यंत गुप्त असलेले युरेनियमच्या गुणधर्मांचे आकडे पूर्व आणि पश्चिमेच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांसमोर ठेवले. दोघांनी वेगवेगळे मोजलेले हे आकडे बव्हंशी जुळले, याचे तेथे जमलेल्यांना मोठे अप्रूप वाटले. अमेरिकेने राष्ट्रसंघाच्या जुन्या प्रासादाच्या बागेत एक लहान, चालू स्थितीतील अणुभट्टी मांडली होती आणि परिषद संपल्यावर ती स्वित्झर्लंडला विकून टाकली. अध्यक्षस्थानी होते भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी जहांगीर भाभा. हायड्रोजनच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले, जे सात दशकांनंतरही खरे ठरलेले नाही. मात्र ज्या विषयाचा उच्चारही तोवर सरकारे टाळत होती तो त्यांनी जाहीर सभेत काढला, आणि त्यानंतर काही वर्षांतच त्या संशोधनावरची गुप्तताही उठली.

हा मान भाभांकडे आला त्यामागे त्यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांचा लोकसंग्रहही होता. केंब्रिजमधील दिवसांत जोडलेल्या त्यांच्या मित्रांपैकी जॉन कॉकक्रॉफ्ट हे ब्रिटनच्या अणुसंशोधनाचे प्रमुख झाले होते आणि डब्ल्यू. बी. लुईस कॅनडातील चॉक रिव्हर येथील प्रयोगशाळा चालवत होते. १९४५ मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा खाते अशी भारतातील उभारणी होत असताना या मैत्रीचा उपयोग पावलोपावली झाला. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही पहिली भट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधली, पण तिच्यासाठी लागणारे इंधन ब्रिटनने दिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिच्यात स्वतःहून टिकणारी शृंखला अभिक्रिया प्रथम सुरू झाली. फ्रान्सशी तर त्याआधीच, १९५१ मध्ये, सहकार्याचा करार झाला होता. एकाच देशावर विसंबायचे नाही आणि जे येईल ते शिकून घेऊन पुढचे स्वतः करायचे, हे धोरण या काळातच पक्के झालेले दिसते.

त्या धोरणाची खरी कसोटी लागली ती ‘सायरस’ या भट्टीच्या वेळी. कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुलातील संपन्न देशांनी आशियातील नवस्वतंत्र देशांना मदत करण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमाखाली, कॅनडाने चॉक रिव्हर येथील आपल्या संशोधन भट्टीच्या धर्तीची ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची भट्टी भारताला देऊ केली, आणि त्याबाबतचा करार एप्रिल १९५६ मध्ये झाला. या प्रकारच्या भट्टीत निसर्गात मिळते तसेच युरेनियम इंधन म्हणून चालते. मात्र विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांचा वेग ते फारसे न शोषता कमी करण्यासाठी जड पाणी लागते, ज्याच्या रेणूत साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम असतो. हे सुमारे २१ टन जड पाणी अमेरिकेने पुरवले आणि भट्टीच्या नावात कॅनडा व भारत यांच्यासोबत अमेरिकेचेही आद्याक्षर आले. इंधनाच्या बाबतीत भाभांनी एक आग्रह धरला: युरेनियमच्या कांड्यांपैकी काही तरी भारतातच बनल्या पाहिजेत. कॅनडाच्या तज्ज्ञांना हा आग्रह फारसा व्यवहार्य वाटला नव्हता, परंतु तुर्भ्याच्या कारखान्यात १९५९ मध्ये पहिली कांडी तयार झाली आणि १० जुलै १९६० रोजी भट्टी सुरू झाली तेव्हा तिच्या पोटात कॅनडाच्या कांड्यांबरोबर भारतीय कांड्याही होत्या.

या आग्रहाचे महत्त्व तांत्रिक होते त्याहून अधिक कायदेशीर होते, आणि ते पुढे चौदा वर्षांनी जगाच्या ध्यानात आले. नैसर्गिक युरेनियम भट्टीत जळताना त्याचा काही भाग प्लुटोनियममध्ये रूपांतरित होतो, आणि वापरलेल्या कांड्या आम्लात विरघळवून रासायनिक प्रक्रियेने ते प्लुटोनियम वेगळे काढता येते. या प्रक्रियेला पुनर्प्रक्रिया म्हणतात. तुर्भ्याला असा कारखाना भारतीयांनी उभारला आणि १९६४ मध्ये तो चालू झाला. भट्टी कॅनडाची, पाणी अमेरिकेचे, पण इंधनाचा काही भाग आणि पुनर्प्रक्रिया भारताची, अशी ही विभागणी होती. करारात काय होते हे पाहिले तर त्यातील विरळपणा आज थक्क करतो: भट्टी आणि तिच्यातून मिळणारी द्रव्ये केवळ शांततामय कामासाठी वापरली जातील असे भारताचे आश्वासन होते, जड पाण्याच्या करारातही तसेच एक वाक्य होते, परंतु शांततामय काम म्हणजे काय याची व्याख्या कोठेही नव्हती आणि आश्वासन पाळले जाते की नाही हे तपासणारा कोणी निरीक्षकही नव्हता. हा कोणाचा गाफीलपणा म्हणता येत नाही, कारण तपासणी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था त्या वेळी जन्मालाच आलेली नव्हती.

ती जन्मत होती, आणि तिच्या जन्माच्या वेळीच तिच्यावर वाद झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरवणारी परिषद १९५६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला भरली. २३ ऑक्टोबरला घटना संमत झाली आणि २९ जुलै १९५७ रोजी ती अमलात येऊन संस्थेचे कार्यालय व्हिएन्नात थाटले गेले. वादाचा मुद्दा होता देखरेखीचा. देखरेख म्हणजे मदत म्हणून मिळालेल्या द्रव्याचे वजनमाप करणे, नोंदवह्या तपासणे, साठ्यांना मोहोरा लावणे आणि वेळोवेळी निरीक्षक पाठवणे, जेणेकरून त्यातील काही भाग शस्त्रांकडे वळला तर ते उघडकीस यावे. भाभांचा आक्षेप असा की जे देश मदत घेणार तेवढ्यांवरच हा पहारा बसणार, ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत ते मदत घेणारच नाहीत म्हणून मोकळे राहणार, आणि जगाचे दोन वर्ग पडणार. हा युक्तिवाद तर्काला धरून होता, त्याला आशियातील व इतर काही देशांचा पाठिंबाही मिळाला, आणि त्यामुळे घटनेतील काही कलमे सौम्य झाली. मात्र त्या युक्तिवादामागे केवळ समतेचे तत्त्व होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्लुटोनियमवरचा आपला ताबा सुटू नये ही भारताची इच्छाही त्यात स्पष्ट होती, कारण देशातील विपुल थोरियमपर्यंत पोहोचण्याचा भाभांनी आखलेला तीन टप्प्यांचा मार्ग प्लुटोनियमवरूनच जात होता.

तारापूरचा प्रश्न या पार्श्वभूमीवर उभा राहिला तेव्हा भारताने तत्त्वाला थोडी मुरड घातली. पश्चिम भारतात विजेची मागणी वाढत होती आणि कोळशाच्या खाणी फार दूर होत्या. बिहार आणि मध्य प्रदेशातून रेल्वेने कोळसा आणून मुंबई-अहमदाबाद पट्ट्यात वीज बनवण्यापेक्षा अणुवीज स्वस्त पडेल, असा अणुऊर्जा खात्याचा हिशेब होता. मे १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या, आणि दोन्ही राज्यांना वीज पोचवता येईल अशी, समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी मुबलक असलेली जागा तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला निवडण्यात आली. ब्रिटन, फ्रान्स आणि कॅनडा यांना मागे टाकून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने काम मिळवले. तिची रचना उकळत्या पाण्याच्या भट्टीची होती, म्हणजे जिच्यात इंधनाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि तीच वाफ जनित्र फिरवते अशी. प्रत्येकी सुमारे २०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या कंपनीने पूर्ण बांधून, चालवून दाखवून हाती सोपवायच्या, असा ठेका १९६४ मध्ये दिला गेला. खर्चाचा परकीय चलनातील भाग अमेरिकेच्या विकासनिधीतून सुमारे ८ कोटी डॉलरच्या कर्जाने भागला, आणि ते चाळीस वर्षांच्या मुदतीचे व नाममात्र व्याजाचे कर्ज हे निविदेतील किमतीइतकेच निर्णायक होते.

या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम चालत नाही, त्यांना समृद्ध युरेनियम लागते. निसर्गातील युरेनियमचा जो घटक सहज विखंडित होतो त्याचे प्रमाण शेकडा ०.७ इतकेच असते. ते वाढवून दोन-तीन टक्क्यांवर नेणारे कारखाने त्या काळी पाश्चात्त्य जगात व्यापारी पुरवठ्यापुरते अमेरिकेकडेच होते. म्हणून कराराचा कणा भट्टी नसून इंधन हा होता. तारापूरच्या भट्ट्यांना तीस वर्षे लागणारे सारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने विकायचे आणि भारताने फक्त तेच वापरायचे. त्या द्रव्याचा उपयोग अण्वस्त्रांसाठी, त्यांच्या संशोधनासाठी वा अन्य कोणत्याही लष्करी हेतूसाठी करायचा नाही. आणि वापरलेल्या इंधनावर भारतात पुनर्प्रक्रिया करायची झाल्यास तेथे देखरेख परिणामकारक होऊ शकते असा निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून आधी घ्यायचा, ही त्यातील तीन महत्त्वाची कलमे होत. शिवाय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख भारताने येथे मान्य केली आणि जानेवारी १९७१ मध्ये त्रिपक्षीय करार होऊन व्हिएन्नाचे निरीक्षक तारापूरला येऊ लागले. थोडक्यात, १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ज्याला कडाडून विरोध केला ते सारे १९६३ मध्ये एका जागेपुरते स्वीकारले गेले. व्यवहार म्हणून हा सौदा चांगला होता. अवलंबन म्हणून तो जवळजवळ संपूर्ण होता.

२८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. भाभा हा दिवस पाहायला नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील संस्थेच्याच एका बैठकीला जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ शिखरावर आदळले होते. इंधनाची वाट आता अशी ठरली: अमेरिकेतून युरेनियम हेक्साफ्लोराइड या संयुगाच्या रूपात समृद्ध युरेनियम जहाजाने वा विमानाने यायचे, हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याचे ऑक्साइड करून त्याच्या करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या दाबून भाजायच्या, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून नळ्यांच्या जुड्या बांधायच्या आणि त्या तारापूरला पाठवायच्या. भारताकडे कौशल्य आले होते, कारखाना आला होता, फक्त कच्चा माल दुसऱ्याच्या परवान्यावर होता.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्यातील प्लुटोनियम सायरसमधून आले होते. भारताने त्याला शांततामय अणुस्फोट म्हटले, आणि हे निव्वळ शब्दांचे कवच होते असे म्हणून प्रश्न निकालात काढता येत नाही, कारण अमेरिका व सोव्हिएत संघ दोघेही खाणी, कालवे आणि तेलक्षेत्रांसाठी अणुस्फोट वापरण्याचे कार्यक्रम त्या काळात राबवत होते आणि १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या पाचव्या कलमाने अशा स्फोटांच्या संभाव्य लाभांना मान्यता दिली होती. दुसरीकडे कॅनडाचे पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी १९७१ मध्येच इंदिरा गांधींना पत्र लिहून असा स्फोट आपला देश कराराशी सुसंगत मानणार नाही हे कळवले होते, आणि दिल्लीने ते बंधनकारक मानले नव्हते. एका पक्षाने सही करताना जे गृहीत धरले ते कागदावर नव्हते. दुसऱ्या पक्षाने कागदावर जेवढे होते तेवढेच मानले. कॅनडाने काही दिवसांतच मदत थांबवली आणि १९७६ मध्ये अणुसहकार्य कायमचे संपवले, त्यामुळे त्या मदतीने राजस्थानात बांधली जात असलेली दुसरी वीजभट्टी अर्धवट राहिली आणि ती भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केली. अमेरिकेलाही अडचण झाली, कारण सायरसमधील जड पाणी तिचे होते. ते स्फोटाच्या प्लुटोनियमनिर्मितीत वापरले गेले असण्याची दाट शक्यता असल्याचे तेथील परराष्ट्र खात्याला १९७६ मध्ये मान्य करावे लागले. १९७५ मध्ये लंडनला सात पुरवठादार देश गुपचूप भेटले आणि त्यातून अणुपुरवठादार गट आकाराला आला.

तुर्भ्यावर मात्र कोणाचाच हात पोहोचत नव्हता. सायरसचे इंधन भारताचे होते, तेथे निरीक्षक नव्हते, आणि अडवून धरण्याजोगे काही बाहेरून येत नव्हते. जे बाहेरून येत होते ते तारापूरला, आणि म्हणून देशातील सर्वांत काटेकोर देखरेखीखाली असलेल्या, करारभंगाचा ज्यांवर कधी आरोपही झाला नाही अशा दोन भट्ट्या दबावाचे साधन बनल्या. सहकार्यातील शिक्षा दोषाच्या जागी बसत नाही, ती अवलंबनाच्या जागी बसते, हे तारापूरने जितके स्वच्छ दाखवले तितके क्वचितच अन्यत्र दिसले असेल.

दबावाचे यंत्र परवान्याच्या रूपाने आधीच तयार होते. करार दोन सरकारांमध्ये असला तरी इंधनाच्या प्रत्येक खेपेला अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा वेगळा निर्यात परवाना लागे. १९७६ मध्ये तेथील काही पर्यावरणवादी व शास्त्रज्ञ संघटनांनी तारापूरच्या परवान्याला हरकत घेतली आणि खेपा लांबू लागल्या. १० मार्च १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा झाला. ज्या देशातील सर्वच अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत त्याला दोन वर्षांनंतर इंधन मिळणार नाही, असे त्याने ठरवले. भारताचे म्हणणे साधे होते: १९६३ चा करार तीस वर्षांचा आहे आणि एका देशाने नंतर केलेला अंतर्गत कायदा त्याला बदलू शकत नाही. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीला आले असताना, परत गेल्यावर भारताला थंड आणि रोखठोक पत्र लिहावे लागेल असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले, आणि जवळचा ध्वनिक्षेपक चालू राहिल्याने ते बातमीदारांनी ऐकले. ज्या मोरारजी देसाईंना ते पत्र लिहायचे होते त्यांचा स्वतःचा अणुस्फोटांना विरोध होता, तरी सर्व केंद्रे तपासणीला खुली करायला त्यांनीही ठाम नकार दिला. पक्ष बदलला, पंतप्रधान बदलले, भूमिका बदलली नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये नियामक आयोगात परवान्यावर दोन विरुद्ध दोन अशी मते पडली आणि कार्टर यांनी आपल्या अधिकारात ७.६ टन इंधन सोडले. मे १९८० मध्ये आयोगाने पुढच्या ३८ टनांचा अर्ज एकमताने फेटाळला. कार्टर यांनी जूनमध्ये तो निर्णय पुन्हा बाजूला सारला, पण आता संसदेला हरकतीचा अधिकार होता: प्रतिनिधिगृहाने १८ सप्टेंबरला २९८ विरुद्ध ९८ मतांनी निर्यातीच्या विरोधात कौल दिला आणि सहा दिवसांनी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने निर्यात वाचली. आदल्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले नसते तर ती दोन मतेही मिळाली असती की नाही याची शंका आहे. मंजूर झालेल्या ३८ टनांपैकी पहिला भाग आला. दुसरा आलाच नाही.

एवढे होऊनही करार कोणी मोडला नाही, आणि यातच या भांडणाची खरी खुबी आहे. पुरवठा थांबवून अमेरिकेने करार मोडला असता तर भारतही त्यातील बंधनांतून सुटला असता, आणि त्या बंधनांत तारापूरच्या तळ्यांत साचत चाललेल्या वापरलेल्या इंधनावरची देखरेख होती. त्या इंधनातील प्लुटोनियम सायरसच्या वार्षिक उत्पादनाहून कितीतरी अधिक होते. भारताने करार मोडला असता तर वीज गेली असती. म्हणून दोघेही तिसरा शोधू लागले आणि तो जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी व रेगन यांच्या वॉशिंग्टनमधील भेटीत सापडला: इंधन फ्रान्सने द्यावे, करार आणि देखरेख कायम राहावी. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी बोलणी पुरी झाली. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली तेव्हा फ्रान्सनेही सर्वव्यापी देखरेखीची अट स्वीकारलेली असल्याने तो पुरवठा थांबला; भारताने १९९४ मध्ये व्हिएन्नाशी नवा करार करून तारापूरची देखरेख चालू ठेवली, आणि १९९५ मध्ये चीनकडून, २००१ मध्ये रशियाकडून युरेनियम आले. १९६२ मध्ये ज्याच्याशी युद्ध झाले त्या चीनचे इंधन अमेरिकेने बांधलेल्या भट्टीत जळून त्यावर महाराष्ट्र-गुजरातचे दिवे लागले, ही गोष्ट त्या वेळी वृत्तपत्रांत फारशी गाजली नाही.

यंत्रांचेही हाल झाले. तारापूरच्या रचनेत मुख्य वाफेखेरीज दुय्यम वाफजनित्रे होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्या, मूळ पुरवठादाराकडून सुटे भाग वा सल्ला मिळण्याची वाट बंद होती, आणि अखेर ही जनित्रे वेगळी काढून प्रत्येक भट्टी १६० मेगावॉटवर चालवावी लागली. इंधन तुटलेच तर म्हणून प्लुटोनियम आणि युरेनियमच्या मिश्र ऑक्साइडच्या जुड्याही बनवून घालून पाहिल्या गेल्या. वापरलेल्या इंधनाबाबतचा तो संयुक्त निर्णय अमेरिकेने कधीच होऊ दिला नाही, त्यामुळे पुनर्प्रक्रियेचा कारखाना तारापूरच्याच आवारात उभा असताना शेजारच्या भट्ट्यांचे इंधन त्यात जाऊ शकले नाही. तळ्यांतील मांडण्या बदलून दाटीवाटीने जागा करावी लागली आणि पुढे वेगळी साठवण बांधावी लागली. या सगळ्या पत्रव्यवहारात तारापूरच्या गावकऱ्यांचा उल्लेख शोधू नये. तिसऱ्या आणि चौथ्या, पूर्णतः भारतीय बनावटीच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, तेव्हा पुनर्वसनाचा वाद मात्र व्हिएन्नात नाही, पालघर आणि मुंबईत लढला गेला.

सहकार्याची दुसरी, कमी गाजलेली बाजूही याच काळात चालू होती, आणि तिच्यात भारत केवळ घेणारा नव्हता. १९६० च्या दशकाच्या मध्यात व्हिएन्नाच्या संस्थेच्या मध्यस्थीने भारताने फिलिपिन्सला न्यूट्रॉन वर्णपटमापक पुरवून त्यावर आशियाई शास्त्रज्ञांचे प्रशिक्षण चालवले. तुर्भे येथे १९७४ मध्ये, म्हणजे पोखरणच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा कारखाना सुरू झाला. स्फोटाने हे दार बंद झाले नाही. कॅनडा आणि अमेरिका रागावलेले असताना व्हिएन्नातील तांत्रिक समित्यांत भारतीय शास्त्रज्ञ आपल्या जागी बसत राहिले, आणि २००५ नंतर जे जुळून आले त्यात या सातत्याचा वाटा लहान नव्हता.

१८ जुलै २००५ च्या मनमोहन सिंग आणि बुश यांच्या नागरी अणुसहकार्याबाबतच्या संयुक्त निवेदनापासून ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार गटाने व्हिएन्नात भारताशी अणुव्यापारासाठी दिलेल्या सवलतीपर्यंतचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच वाटाघाटींच्या सावलीत एक लहानसा व्यवहारही झाला: अमेरिकेने दीर्घकाळ रोखलेल्या भारतीय आंब्याला वाट मिळाली, मात्र कोयीतील भुंगा आणि फळमाशी यांचा बंदोबस्त किरणोत्साराने करण्याच्या अटीवर. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून निफाड तालुक्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये उभारलेल्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकांसमोर हापूस-केसरच्या पेट्या कोबाल्ट-६० च्या किरणांखालून गेल्या आणि एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप अमेरिकेला पोचली. परदेशी निरीक्षक, मोहोर आणि नोंदवही हे सगळे येथेही होते. त्यावर राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची चर्चा कोणी केली नाही.

अमेरिकेबरोबरच्या अणुसहकार्याच्या मोठ्या करारासाठी भारताने आपली केंद्रे नागरी आणि लष्करी अशी वेगळी करण्याचा आराखडा मार्च २००६ मध्ये संसदेपुढे ठेवला. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या नागरी यादीत राहिल्या, त्या तशाही प्रथमपासून देखरेखीखालीच होत्या. सायरसचे काय करायचे हा प्रश्न अवघड होता: तिला नागरी म्हणावे तर निरीक्षक तुर्भ्याच्या आवारात येणार, लष्करी म्हणावे तर १९५६ चे आश्वासन पुन्हा वर येणार. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षे बंद ठेवून तिचे संपूर्ण नूतनीकरण झालेले होते आणि निवृत्त अणुशास्त्रज्ञांपैकी काहींनी ती बंद करण्यास उघड विरोध केला, तरी ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची थांबवण्यात आली. ती थांबवण्याची अट कॅनडाच्या करारात नव्हती, अमेरिकेच्याही नव्हती. ती भारताने आपल्या आराखड्यात स्वतः लिहून दिली होती.